वापसा

एरंडोलसारख्या गावी राहणारा माणूस महाविद्यालयात इंग्रजी काव्य शिकवीत असला, तरी शेतीची भाषा त्याला चुकत नाही. मृगाचा पाऊस पडून गेला की अंजनीकाठच्या काळ्या रानात एकच प्रश्न ऐकू येतो : 'वापसा झाला का?' जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, अशी ती वेळ. ती साधली तर बी रुजते, चुकली तर कुजते. पेरणीचा दिवस जमीन ठरविते, हे येथे कोणास सांगावे लागत नाही.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र व पुरुषाला बीज म्हटले आहे. ते रूपक आपण सर्वांनी उचलले. मात्र क्षेत्र म्हणजे मुकी माती, असा त्याचा अर्थ करून घेतला. शरीरशास्त्राची समजूतही फार काळ याहून वेगळी नव्हती. बीजांडकोशाने संप्रेरके सोडावीत आणि गर्भाशयाच्या अस्तराने निमूटपणे आज्ञा पाळावी, असा तो कारभार मानला जाई. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तर मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचे आणि दूध उतरविणारे, एवढीच त्याची ख्याती होती. १९७० नंतरच्या दशकाअखेर असे आढळून आले की, गर्भाशयाचे अस्तरही ते स्वतः तयार करते. पीयूषिकेला आळा घालणारे औषध दिले, तरी गर्भजलातील प्रोलॅक्टिन फारसे ओसरत नाही; कारण ते मुख्यतः या अस्तराचे असते.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत गर्भ येऊन टेकल्यावर अस्तर आपले रूप पालटते. मनुष्यस्त्रीत ते गर्भाची वाट पाहत नाही. २८ दिवसांच्या चक्रात २३ व्या दिवसाच्या सुमारास त्याच्या पेशी फुगू लागतात, प्रोलॅक्टिन पाझरू लागते. पाहुणा आला नाही, तर सारी सिद्धता मोडून पुढच्या महिन्यात पुन्हा मांडावयाची! गर्भ रुजण्याजोगे दिवसही मोजकेच : बीजांड सुटल्यावर सुमारे सहाव्यापासून दहाव्यापर्यंत. हाच त्याचा वापसा. शिवाय, वाढ खुंटलेला गर्भ जवळ आला असता या पेशी आपले काही स्राव आवरते घेतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश येऊन नलिका-बालिका जन्मली. बीजांड व शुक्रबीज यांची गाठ काचेच्या पात्रात घालून देता आली; रुजविण्याचे काम मात्र अस्तरावरच सोपवावे लागले.

माझ्या एका विद्यार्थिनीला लग्नाच्या चौथ्या वर्षी सासरी 'पडीक' हा शब्द ऐकावा लागला. तिच्या नवऱ्याची तपासणी तोवर कोणी केली नव्हती. शब्द शेतीतला, पण शेतकऱ्याची रीत मात्र त्या घराने सोडून दिली होती. कपाशी उगवली नाही, तर आमच्याकडचा शेतकरी जमिनीला शिव्या देत बसत नाही. बियाण्याची पिशवी घेऊन तो आधी दुकानदाराचे दार गाठतो. त्याच बरोबर पाऊस पाहतो, ओल पाहतो, पेरणीचा दिवस आठवतो.

जुने रूपक टाकून द्यावे, असा माझा आग्रह नाही. ते वापरावयाचेच असेल, तर शेतीची सारी अक्कल सोबत घेऊन वापरावे, एवढेच म्हणणे आहे.