जुन्या जीपचा हादरा

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाकडे जाताना जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपचे चाक खड्ड्यात आदळून स्टिअरिंग अकस्मात थडथडू लागते, तेव्हा त्यामागे बहुधा झीज असते; पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाने जोडलेली असल्याने एकाचा हिसका दुसऱ्याला बसतो आणि कंप वाढत जातो. इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग हलवावे व दुसऱ्याने खालून टाय रॉडचे, म्हणजे दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे, सांधे पाहावेत. मग जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवल्यास किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्या, बेअरिंगमधील ढिलेपणा हाताला कळतो. हादरे शोषणारा डॅम्पर बसवून दोष झाकणे धोक्याचेच आहे. घाटात उतरण्यापूर्वी झिजलेला भाग बदलावा.