उद्यमनगरात उघडलेले इंजिन

कोल्हापुरात बागल चौकाजवळून शिवाजी उद्यमनगरात शिरले की रस्ता अरुंद होतो आणि आवाज वाढतो. दोन्ही बाजूंच्या गाळ्यांत लेथ फिरत असतात, दारात ग्रीसने काळे झालेले क्रँक आणि सिलिंडर हेड मांडलेली असतात, आणि जळक्या डिझेलचा वास कपड्यांना बराच वेळ चिकटून राहतो. येथील वैशिष्ट्य असे की एका छपराखाली सगळे काम क्वचितच होते. एका गाळ्यात फक्त क्रँक घासला जातो, दुसऱ्यात बोअरिंग होते, तिसऱ्यात हेडची पातळी काढली जाते. मेस्त्री इंजिन उघडतो आणि त्याचे भाग सायकलवर किंवा हातगाड्यावर टाकून ज्याच्या त्याच्या गाळ्यात पाठवितो. संध्याकाळपर्यंत एका मोटारीचे काळीज चार गल्ल्यांत विखुरलेले असते.

ही विद्या शहरात एका दिवसात आली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला आणि करवीर संस्थानाला यंत्राची ओळख झाली. पुढे नदीकाठचा ऊस वाढला, तसे पाणी उपसण्यासाठी ऑईल इंजिन आणि गुऱ्हाळासाठी चरक यांची गरज वाढली. शेतकऱ्याचे बंद पडलेले इंजिन दुरुस्त करता करता येथील कारागीर सुटे भाग घडवू लागला आणि मग इंजिनच बनवू लागला. (बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला तोही याच शहरात, हे येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये.) आज शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्रींतून वाहन उद्योगाला लागणारे ओतीव भाग बाहेर पडतात, पिस्टनही येथे बनतात. त्यामुळे मोटारीचे इंजिन गेले म्हणजे सारे संपले, असे येथे कोणी मानत नाही. पण प्रत्येक इंजिन वाचवावेच, असेही येथील जाणता मेस्त्री म्हणत नाही.

करवीर तालुक्यातील एका किराणा दुकानदाराची मोटार अशीच एके दिवशी दोराने ओढून येथे आणली गेली. नऊ वर्षांची, डिझेलवर चालणारी ही लहान गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी २,६०,००० रुपयांना जुनी घेतली होती. कारण एकच होते. आईला दर पंधरा दिवसांनी उपचारांसाठी मिरजेला न्यावे लागे आणि एस.टी.तली उभी गर्दी तिला सोसत नव्हती. रकमेतला मोठा भाग पतसंस्थेच्या कर्जाचा होता आणि अकरा हप्ते अजून बाकी होते. मिरजेहून परतताना हातकणंगल्याच्या पुढे तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. आई मागच्या आसनावर झोपली होती. दुकान उघडण्याची घाई होती. तीन किलोमीटर गाडी तशीच रेटली गेली, आणि मग ती स्वतःच थांबली.

गाळ्यात पोचेपर्यंत सल्ल्यांची कमतरता राहिली नव्हती. मेव्हण्यांनी फोनवरून भंगार बाजारातले जुने इंजिन बसवायला सांगितले. शेजाऱ्यांनी गाडी आहे तशी विकून टाकायला सांगितले. एका व्यापाऱ्याने तर बॉनेट न उघडताच ७०,००० रुपये देऊ केले. मेस्त्रींनी तेलाची पट्टी बाहेर काढून दाखविली. तेल दूध घातलेल्या चहासारखे झाले होते, म्हणजे पाणी तेलात उतरले होते.

"आता मी आकडा सांगितला तर तो खोटा ठरेल, अण्णा," मेस्त्री म्हणाले. "आधी उघडूया. उघडायची मजुरी तेवढी द्या, बाकीचं नंतर बघू."

इंजिन बंद पडल्यावर निर्णय चुकतात ते बहुधा याच टप्प्यावर. उघडण्याच्या मजुरीला घाबरून माणसे अंदाजावर मोठी रक्कम पणाला लावतात. दुसरी चूक हिशेबाची. गाडीला घातलेले २,६०,००० रुपये डोळ्यांसमोरून हलत नाहीत आणि ते वसूल करण्याच्या हट्टाने पुढचा खर्च होत राहतो. ते पैसे तर केव्हाच गेलेले असतात. आज आणखी किती घातले, तर त्या बदल्यात किती वर्षांची चाल मिळेल, एवढाच प्रश्न शिल्लक असतो.

दुसऱ्या दिवशी हेड उतरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली गॅस्केट जळून फुटली होती. ॲल्युमिनियमच्या हेडवर सरळ पट्टी ठेवून मेस्त्रींनी तिच्याखाली पातळ पाती सरकवली, ती मधोमध सहज गेली. उष्णतेने हेड वाकले होते. वाकलेले हेड घासून सपाट करता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. फार घासले तर डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला भिडण्याचा धोका असतो. हेड पाण्याच्या दाबाखाली तपासून घेतले, तडा नव्हता. दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर मात्र नखाला लागतील असे ओरखडे होते. खालचे तेलपात्र काढून बेअरिंग पाहिली, त्यांचा वरचा थर उडाला होता. क्रँक थोडक्यात बचावला होता.

आता आकडा मांडता आला. हेडची पातळी, चारही सिलिंडरचे बोअरिंग, अर्ध्या मिलिमीटरने मोठे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केटचा संच, टायमिंगची साखळी, पाण्याचा पंप, रेडिएटरची सफाई आणि सर्व रबरी नळ्या मिळून ७४,००० रुपये. यातला नळ्यांचा खर्च सर्वांत किरकोळ, आणि सारा अनर्थ घडला तो मात्र एका चिरलेल्या नळीमुळे.

जुने इंजिन बसवणीसह ६५,००० रुपयांत मिळत होते. नऊ हजार वाचत होते, पण ते इंजिन कोणत्या गाडीतले, किती चाललेले, हे सांगणारा कोणी नव्हता. शिवाय नोंदणीपत्रावर इंजिनाचा क्रमांक असतो. इंजिन बदलले की परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी त्या इंजिनाची स्वच्छ कागदपत्रे हवीत. ती नसतील, तर पुढे अपघाताचा विमा मागताना किंवा गाडी विकताना गाठ पडतेच. विक्रीची वाटही दिसते तितकी सरळ नव्हती. गाडीवर पतसंस्थेचा बोजा होता, तो उतरल्याशिवाय नाव बदलत नाही. आलेले ७०,००० संस्थेतच गेले असते आणि आई पुन्हा एस.टी.च्या थांब्यावर उभी राहिली असती. विमा कंपनीकडून काही मिळण्याजोगे नव्हते, नेहमीच्या विम्यात यंत्रातला बिघाड येत नाही.

दुकानदारांनी दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले. दुरुस्तीच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी इंजिनाबाहेरच्या होत्या. पत्रा गंजलेला नव्हता, गिअरबॉक्स नीट होता, टायर नवे होते, आणि नोंदणीची पंधरा वर्षे पुरी व्हायला सहा वर्षे उरली होती. हेच पत्रा सडलेल्या, तेरा-चौदा वर्षांच्या गाडीबाबत असते, तर ७४,००० रुपये घालणे शहाणपणाचे नव्हते. अशी गाडी अधिकृत भंगार केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून मोकळे व्हावे, हेच बरे.

"एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा," मेस्त्रींनी बजावले. "ब्लॉक अजून दाबाखाली बघायचा आहे. त्याला तडा निघाला, तर पुढं एक रुपया घालू नका. मी म्हटलो तरी घालू नका."

स्वतःचे काम बुडविणारे हे वाक्य ऐकून दुकानदारांनी वही मिटली. ब्लॉक बोअरिंगच्या गाळ्यात गेला. तो दिवस त्यांनी तेथेच एका बाकड्यावर बसून काढला. दुपारी घरून फोन आला, आई विचारीत होती की पुढच्या खेपेला जायचे कसे. त्यांनी रेल्वेने जाऊ असे सांगितले. कोल्हापूर ते मिरज अंतर सुमारे ५० किलोमीटर, बसायला जागा मिळाली तर प्रवास अवघड नाही.

चारच्या सुमारास पोऱ्या निरोप घेऊन आला. ब्लॉक शाबूत होता.

जुळणीला नऊ दिवस लागले. पिस्टन पुण्याहून यायला उशीर झाला आणि मधली एक खेप खरोखरच रेल्वेने झाली. गाडी ताब्यात देताना मेस्त्रींनी जुन्या रिंगा, बेअरिंग आणि ती चिरलेली नळी पिशवीत भरून मालकाच्या हाती ठेवली. उद्यमनगरातील जुन्या गाळ्यांची ही रीत आहे. कोणता भाग बदलला हे बिलावर वाचण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले बरे. पहिले हजार किलोमीटर वेग साठच्या वर नेऊ नये, इंजिनावर चढाला जोर देऊ नये, हजाराला तेल बदलून घ्यावे, आणि रोज सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहावी, असे त्यांनी दोनदा सांगितले. दुकानदारांनी मीटरवरचा आकडा एका पुठ्ठ्यावर लिहून तो काट्याच्या शेजारी चिकटविला आणि गाडी हळूहळू बागल चौकाकडे काढली.