नाम कोल्हापूर, धाम लीड्स

नामें क्रियेपासून उत्पन्न होतात, असें शाकटायनाचें मत यास्काचार्यांनीं निरुक्तांत नोंदून ठेविलें आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्ही तें विद्यार्थ्यांस अनेकदां समजावून दिलें. परंतु त्याची खरी गोडी आम्हांस कळली ती एका वाफेच्या इंजिनामुळें.

आमचे ज्येष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं असतात. तेथें त्यांस नुकतेंच कन्यारत्न झालें. आमच्या मातोश्रींचें भागीरथी हें नांव नातीस ठेवावें, अशी घरांतील वडील मंडळींची इच्छा. चिरंजीव लिहितात, 'इंग्रजांच्या जिव्हेस हें पेलणार नाहीं. दोन अक्षरी सुटसुटीत नांव बरें.' झालें! माजघरांत दोन पक्ष पडले. आमच्या कुटुंबाचें म्हणणें असें कीं, आज नांव गेलें, उद्यां भाषा जाईल आणि परवां मुलगाच परका होईल. ही भीति निव्वळ बायकी म्हणून उडवून लावण्याजोगी नाहीं.

त्या पत्राच्या अखेरीस चिरंजीवांनीं सहज कळविलें होतें कीं, याच लीड्समध्यें पूर्वीं 'कोल्हापूर' नांवाचें इंजिन राहत असे. कोल्हापूर म्हणजे आमच्या कुटुंबाचें माहेर. तेव्हां त्या इंजिनाची हकीकत मिळविणें आम्हांस भागच पडलें.

सर विल्यम स्टॅनियर यांनीं लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठीं १९३४ ते १९३६ या काळांत तीन सिलिंडरांचीं १९१ इंजिनें सिद्ध करविलीं. पंचम जॉर्ज बादशहांच्या १९३५ मधील रौप्यमहोत्सवावरून त्यांस 'ज्युबिली' वर्ग म्हणूं लागले. त्यांतील अनेकांस साम्राज्यांतील प्रांतांचीं व संस्थानांचीं नांवें दिलीं. बडोदें, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर हीं चारहि मराठी राजपीठें त्या यादींत होतीं! हीं नांवें प्रेमानें ठेविलीं होतीं असें नव्हे. ती सत्तेची मोजदाद होती. कोल्हापूर ग्लासगो येथें १९३४ सालीं बांधलें गेलें. त्याचा अनुक्रमांक ५५९३, राष्ट्रीयीकरणानंतर ४५५९३.

प्रत्येक इंजिनास एक घर असे. त्यास शेड म्हणत. तेथेंच त्याची राख काढावयाची, बॉयलर धुवावयाचा, कोळसा भरावयाचा आणि निघण्याच्या कित्येक तास आधीं अग्नि प्रज्वलित करावयाचा. घराचा सांकेतिक अंक एका लहान पट्टीवर इंजिनाच्या तोंडावरच लावीत. लीड्सच्या होलबेक शेडचा अंक १९५७ पर्यंत '२० ए' व पुढें '५५ ए' होता. या वर्गाचीं इंजिनें लंडनच्या केंटिश टाऊनपासून डर्बी, ब्रिस्टल, मँचेस्टर, कार्लाइल आणि ग्लासगोपर्यंत विखुरलेलीं होतीं. आम्हां मास्तरांप्रमाणें त्यांच्याहि बदल्या होत. बदली झाली कीं पट्टी बदले; नांव मात्र तेंच राही.

बदल्या होतां होतां कोल्हापूर अखेरीस होलबेक येथें आलें. तेथून सेटल–कार्लाइलचा डोंगरी मार्ग त्याच्या वांट्यास आला. सेटलपासून सुमारें पंधरा मैल शंभर फुटांस एक फूट असा चढ आहे. आमच्या बोरघाटाच्या सदतीस फुटांस एक फूट या चढापुढें तो सौम्य वाटेल. पण तो संपतां संपत नाहीं, आणि वेग राखून चढावयाचा! फायरमननें सारखा कोळसा लोटावा, तेव्हां चोवीस कमानींचा रिबलहेडचा पूल ओलांडून ११६९ फुटांवरील एसगिलचा माथा गांठावयाचा. १९६७ च्या उन्हाळ्यांत शनिवारच्या जादा गाड्या घेऊन हें जुनें इंजिन त्या घाटानें जाई, आणि तें पाहण्यास लोक दुरून येत.

१९४७ सालीं साम्राज्य गेलें, १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान विलीन झालें. इंजिन आपल्या नांवानेंच राबत राहिलें. ऑक्टोबर १९६७ मध्यें तें सेवामुक्त झालें. १९१ पैकीं चारच इंजिनें भंगारांतून वांचलीं. त्यांत एक कोल्हापूर आहे. त्यानें पंचगंगा कधीं पाहिली नाहीं. परंतु ज्यांनीं तें पुसलें, पेटविलें, हांकलें, त्या लोकांच्या तोंडीं तें नांव बसलें. उच्चार कसा करीत असतील तें ते जाणोत! सत्तेनें दिलेल्या नांवास अर्थ आला तो कामानें. शाकटायनाचें म्हणणें आम्हांस येथें पटलें.

म्हणून आम्ही चिरंजीवांस लिहिलें आहे : घर कोठें करावें हें तुमच्या पोटापाण्यावर अवलंबून; त्याबद्दल आमचा रोष नाहीं. मुलीचें नांव तुम्ही उभयतांनींच ठरवावें. मात्र तें इंग्रजांच्या जिव्हेस पेलणार नाहीं, एवढें कारण सांगूं नये. लीड्सच्या लोकांनीं कोल्हापूर पेलिलें आहे, भागीरथीहि पेलतील.