झाकलेले शब्द

वेबकॉमिकसाठी मी रेखाटलेला पहिलाच प्रसंग १९०१ सालचा होता. मसूर स्थानकावरून गोरेगावला निघालेला बाल भीमराव. जवळ अन्न असूनही पाण्यावाचून उपाशी काढलेली ती रात्र. कौतुकाच्या अपेक्षेने पाने शाळेतील चित्रकलेच्या सरांना दाखविली. सरांनी संवादांचे फुगे तळहाताने झाकले व विचारले, “आता तहान दिसते का?”

दिसत नव्हती.

मग त्यांनी ‘भीमायन’ उघडले. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी त्यात विखारी बोलांच्या फुग्यांना विंचवाची नांगी दिली आहे.

त्या रात्री मी रडके चेहरे खोडले. सोडलेली शिदोरी आणि शेजारी कोरडा तांब्या एवढेच ठेवले. आजही चित्र दाखविताना मी ‘कसे आहे?’ असे विचारीत नाही. शब्द झाकतो आणि विचारतो, ‘काय दिसते?’