परवानगी

आमच्या पाटणच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तसा फार थोडा. कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावर आमचे गाव वसलेले. पावसाळ्यात वरून इतके पाणी पडते, की आणखी पाणी पाहायला कुठे जावे अशी इच्छा कुणाला होत नाही. तरी एका हिशेबाने अरबी समुद्रावर आमचा थोडासा हक्क आहे. धरणातून खाली येणारी कोयना पाटणवरून कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते आणि पार पूर्वेच्या समुद्राकडे निघून जाते. पण जे पाणी विजेसाठी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला उतरवले आहे, ते वाशिष्ठीतून पश्चिमेच्या समुद्रात पडते. म्हणून गेल्या दिवाळीत, मला सत्तरावे लागले तेव्हा, लेकीने फोनवर जाहीर केले, "अप्पा, यंदा तुमचा वाढदिवस जहाजावर. मुंबई ते गोवा." मी मनात म्हटले, चला, आपले पाणी कुठवर पोहोचले ते तरी पाहून येऊ.

सौभाग्यवतींनी आधी नकार दिला, मग होकार दिला आणि लगेच फराळाचे डबे भरायला घेतले. जहाजावर बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत, असे लेकीने बजावून सांगितले होते. त्यावर "बरं" असे म्हणून सौ.ने चिवड्याचा एक लहान डबा लुगड्याच्या घडीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला. मी पाहिले, पण बोललो नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे पाहायचे आणि कुठे बोलायचे नाही, एवढे मला शिकता आले आहे.

बॅलार्ड पिअरवरून जहाज सुटले. त्याचे वर्णन करीत बसत नाही. कऱ्हाडचा एस.टी. स्टँड, त्यावर एक मंगल कार्यालय, त्यावर एक सिनेमाघर आणि सगळ्यांत वर पोहण्याचा तलाव रचला, तर जसे दिसेल तसे ते दिसत होते. आम्ही सहा जण होतो : आम्ही दोघे, लेक, जावईबापू, विशीतला नातू आणि पंधरा वर्षांची नात. नातू ठाण्याच्या बाजूला इंजिनिअरिंग शिकतो. एकवीस पूर्ण व्हायला त्याला चार महिने कमी होते, आणि या चार महिन्यांनीच पुढचा घोटाळा केला.

संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर आम्ही वरच्या डेकवर टेबलाभोवती बसलो होतो. जावईबापूंनी स्वतःसाठी एक बिअर सांगितली आणि सहज सुरात म्हणाले, "आणि एक याला." वाढणारा पोरगा मालवणकडचा निघाला. त्याने नातवाचे कार्ड मागून घेतले, पाहिले, आणि फार अदबीने म्हणाला, "साहेब, एकवीस पुरी नाहीत. देता येणार नाही."

"अहो, मी त्याचा बाप आहे. समोर बसलो आहे. मी परवानगी देतो."

"साहेब, ती परवानगी तुमच्याकडे नाही."

जावईबापूंचा चेहरा लाल झाला. नातवाचा त्याहून लाल. नात मात्र हसू लागली, त्याबद्दल तिला आईचा चिमटा बसला.

त्यानंतर अर्धा तास आमच्या टेबलावर विधानसभा भरली. आपल्या महाराष्ट्रात सौम्य बिअरला एकवीस वर्षे आणि कडक दारूला पंचवीस वर्षे पूर्ण लागतात. शिवाय खिशात परवाना लागतो तो वेगळा. हा परवाना म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा उरलेला शेपटाचा तुकडा. जावईबापूंचे म्हणणे असे, की पोरगा अठराव्या वर्षी मत देतो, मोटार चालवतो, एकविसाव्या वर्षी लग्न करू शकतो; मग हे काय? मला त्या वेळी एक गंमत सुचली, ती मी बोलून दाखवली. ग्रामपंचायतीला उभे राहायला एकवीस वर्षे लागतात आणि आमदारकीला पंचवीस. म्हणजे सरकारने बिअरला ग्रामपंचायतीच्या आणि व्हिस्कीला विधानसभेच्या पंक्तीला बसवले आहे. राज्यसभेला तीस लागतात, तिच्या जोडीचे पेय कोणते, ते अजून ठरलेले दिसत नाही. सगळे हसले आणि वातावरण थोडे निवळले.

जावईबापूंचे थोरले बंधू न्यू जर्सीला असतात. त्यांच्याकडून ऐकलेली माहिती त्यांनी पुढे केली. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या मोठ्या जहाजांवर बहुतेक ठिकाणी एकवीसचाच दंडक. पण तीच कंपनी युरोपातून किंवा ऑस्ट्रेलियातून जहाज सोडते, तेव्हा अठराला चालते. काही जहाजांवर तर अठरा ते वीसच्या मुलांसाठी आईबापांनी लेखी संमती दिली की भागते. अमेरिकेतले एकवीस तरी काय, १९८४ साली तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना दम भरला, की वय वाढवा, नाहीतर रस्त्यांचा पैसा कापतो. तेव्हा राज्ये वठणीवर आली. इंग्लंडात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला खानावळीत वडील माणसाबरोबर जेवताना बिअर चालते, मात्र विकत घ्यायची ती मोठ्याने. "म्हणजे तिथं बापाच्या परवानगीला किंमत आहे," जावईबापू म्हणाले. लेकीने विचारले, "मग किनाऱ्यापासून बारा सागरी मैल लांब गेलो की आपला कायदा संपतो का?" बारा सागरी मैल म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर. तेवढ्यात दूरवर किनाऱ्यावरचे दिवे लुकलुकताना दिसले आणि तो मुद्दा आपोआप निकालात निघाला.

मग जावईबापूंनी जे केले, ते कुठलाही बाप करील तसेच होते. स्वतःच्या कार्डावर दुसरी बिअर मागवली, ती आली, आणि पेला हळूच मुलापुढे सरकवला. "घे," ते म्हणाले. "समोर बसून घे. कुठंतरी चोरून घेण्यापेक्षा बापासमोर घेतलेली बरी."

लेक माझ्याकडे पाहू लागली. "अप्पा, तुम्ही काहीतरी बोला ना."

आमच्या घरात बाटली कधी आलेली नाही. वडील माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारे. आमच्या सातारा जिल्ह्यात कित्येक गावांतल्या बायकांनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर निम्म्याहून जास्त मते टाकून दुकानांना कुलपे लावली. त्या बायकांची गोष्ट सौ. अजून अभिमानाने सांगते. तेव्हा मी काय बोलावे, हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. वारा फार आहे, असे काहीतरी पुटपुटून मी उठलो आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो.

जावईबापूंचे ते वाक्य मी पूर्वी ऐकले होते. शब्दन्‌शब्द.

थोड्या वेळाने नातू आला. पेला हातातच होता, भरलेला. "आजोबा, तुम्ही रागावलात?"

"नाही रे," मी म्हणालो. आणि पन्नास वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्या पोराला सांगून बसलो.

१९७४ साल. मी एकोणीस वर्षांचा. माझे थोरले बंधू, दादा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. सोळाव्या वर्षी ते मुंबईला गेले आणि मसजिद बंदरच्या गोदामांत पाठीवर ओझी वाहू लागले. आमच्या तालुक्यातली किती माणसे या कामात होती, याची गणती नाही; माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटीलही आमच्या तालुक्यातलेच, मंद्रुळकोळ्याचे. १९६९ साली माथाडींचा कायदा झाला, त्यानंतर दादाच्या हातात वेळच्या वेळी मजुरी पडू लागली. त्या वर्षी मी कॉलेजची परीक्षा चांगल्या मार्कांनी उतरलो, म्हणून त्याने मला बक्षीस दिले : गोव्याची सहल. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. डेकवर वळकटी पसरली आणि रात्रभर गप्पा मारीत पडलो. वर इतक्या चांदण्या मी पाटणलाही पाहिल्या नव्हत्या. त्या रात्रीइतका दादा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पणजीला एका लहानशा खानावळीत दादाने दोन पेले फेणी मागवली. मी घाबरलो. आबांच्या गळ्यातली माळ डोळ्यांपुढे आली. दादा म्हणाला, "घे की लेका. माझ्यासमोर घे. कुठंतरी चोरून घेण्यापेक्षा थोरल्या भावासमोर घेतलेली बरी. आबांचं मी बघतो."

मी घेतली. घसा जळाला, डोळ्यांतून पाणी आले. चव आवडली नाही. पण आपण आता पुरुष झालो असे वाटले, ते फार आवडले. एवढेच. पुढे मला तिची ओढ कधी लागली नाही. मला ती सोडून गेली आणि दादाला धरून बसली. आधीपासूनच धरून होती म्हणा. तो मुंबईला आला त्या वेळी तिथे १९५० पासूनची कडक दारूबंदी होती. सरकारी हिशेबाने एक थेंबही मिळायचा नाही, आणि गल्लोगल्ली हातभट्टीचे गुत्ते होते. दिवसभर पोती वाहून आलेल्या सोळा वर्षांच्या पोराला तिथे कुणी वय विचारीत नव्हते.

पुढचे सांगायला फार नाही. मनिऑर्डरी आधी उशिरा येऊ लागल्या, मग थांबल्या. वहिनी दोन मुलांना घेऊन गावी आल्या. आबांनी ओढ्याकाठचे शेत गहाण टाकले.

१९८१ च्या दिवाळीत दादा घरी आला. भाऊबीज झाली, त्या संध्याकाळी आम्ही दोघे कोयनेच्या घाटावर बसलो होतो. त्याचे हात थरथरत होते. ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते. बराच वेळ पाण्याकडे पाहून तो म्हणाला, "तू शिकलेला हायस. तू सांग, सोडू का?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नोकरीला लागलेला. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुला कळतंय, दादा." ज्याने माझ्यापुढे पेला ठेवला होता, त्याला 'सोड' म्हणायला माझी जीभ वळली नाही. धाकट्याने थोरल्याला सांगू नये, असेही वाटले असेल. १९८५ साली तो गेला. एकोणचाळिसावे चालू होते.

नातू काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे वयाचा नियम असता तर ते वाचले असते?"

पोरे हुशार असतात, पण प्रश्न फार सरळ विचारतात. मी विचार करून म्हणालो, "नाही." सोळाव्या वर्षी कायद्याने सगळ्यांनाच बंदी होती आणि त्याला मिळत होती. गोव्यात तो अठ्ठावीस वर्षांचा होता, कुठल्याही नियमाने मोठा माणूस. नियम आडवा आला असता तो मला, आणि मला काहीच झाले नाही. तेव्हा एकवीस आणि पंचवीसचे गणित मला अजून नीटसे पटलेले नाही. तरीही मघाशी तो मालवणचा पोरगा "देता येणार नाही" म्हणाला, तेव्हा मला त्याचे कौतुक वाटले. आमच्या घरात एवढे साधे वाक्य कुणाला म्हणता आले नव्हते. आबा चिडत, वहिनी रडत आणि मी गप्प बसे.

"त्यांना काय सांगायला हवं होतं तुम्ही?"

"एवढंच. हो, सोड."

त्याने पेला कठड्यावर ठेवला. लगेच एक खलाशी धावत आला आणि तिथे काही ठेवू नका म्हणून सांगू लागला. तेव्हा नातवाने तो उचलला आणि टेबलाकडे परत गेला. पुढे त्या बिअरचे काय झाले, ते मी पाहिले नाही. फेब्रुवारीत तो एकवीस वर्षांचा होईल, मग माझ्या पाहण्या-न पाहण्याचा प्रश्नच उरणार नाही.

रात्री खोलीत सौ. म्हणाली, "पोराशी इतका वेळ काय बोलत होता?"

दिवा मालवलेला होता, म्हणून बरे झाले. मी पणजीची सगळी गोष्ट तिला सांगितली. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "मला ठाऊक आहे ते."

मी उठून बसलो.

"भाऊजींच्या वर्षश्राद्धाला जाऊबाईंनी सांगितलं होतं. धाकट्याला मीच पाजली, त्याला लागली असती तर आबांना काय तोंड दाखवलं असतं, असं म्हणायचे म्हणे ते. शेवटच्या आजारात सारखं हेच. तुम्ही नोकरीवरून घरी आलात की नाही, हे रोज विचारायचे."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणून."

खिडकीच्या गोल काचेतून बाहेर काहीच दिसत नव्हते, नुसता पाण्याचा आवाज येत होता. सौ. उठली, बॅगेच्या तळातून लुगडे काढले, त्याची घडी उलगडली आणि डब्याचे झाकण उघडले.

"खा दोन घास," ती म्हणाली. "रात्री काही जेवला नाहीत."