केसपेपरवरची ‘ती’

तिच्याविषयी आजवर जे काही लिहिलं गेलं ते केसपेपरवर, आणि तिथे ती कायम तृतीयपुरुषी: रुग्ण स्त्री, हिमोग्लोबिन ८, दोन दिवसांपासून दोन्ही पायांत तीव्र वेदना. याची इतकी सवय झालीय की स्वतःची हकीकत सांगतानाही मला ‘मी’ जमत नाही. तेव्हा इथेही ‘ती’च.

ती रायपूरच्या तात्यापाऱ्यातली. शहरातली ही जुनी मराठी वस्ती. दारात छत्तीसगढी आणि हिंदी, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी. आजार मात्र दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाने ओळखला जातो: सिकलिंग. लाल पेशी गोल राहायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत ठणका सुरू होतो. आई-बाबा दोघंही ‘एएस’, म्हणजे वाहक. त्यांना कधी काही झालं नाही. ती ‘एसएस’, म्हणजे दोघांकडूनही सिकलचा जीन आलेली.

रायपुरात या आजारासाठी स्वतंत्र संस्था आहे, ‘मेकाहारा’ आहे (आंबेडकर रुग्णालयाला रायपूरकर हेच म्हणतात). २०४७पर्यंत सिकलसेल हटवण्याचं राष्ट्रीय अभियान २०२३च्या जुलैत सुरू झालं तेही शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलहून. तरी तिच्या घरात हा शब्द दार लावूनच उच्चारला जायचा. लग्नाच्या दोन मुली घरात! आई पाहुण्यांना सांगायची, थंडी बाधली. पुढच्या खेपेला संधिवात. एकदा तर नजर लागली म्हणूनही सांगून झालं.

नर्सिंग झालं, परीक्षा झाल्या, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची नोकरी मिळाली. व्हिसासाठी क्षयाची तपासणी लागली. सिकलिंगचं कुणी विचारलंच नाही. विचारलं ते नोकरी देणाऱ्यांच्या आरोग्याच्या फॉर्मने. ‘लिहू नको बाई, हातची जाईल,’ आई म्हणाली. तिने लिहिलं. त्यात शौर्य काही नव्हतं. ठणक्याच्या पहिल्या झटक्याला, म्हणजे क्रायसिसला, सगळं उघडं पडणार, हे नर्सला कुणी सांगावं लागत नाही. नोकरी राहिली. तिथल्या २०१०च्या समानता कायद्याचा आधार होता, त्यामुळे पाणी प्यायला मधली सुट्टी आणि खिडकीपासून लांबचा वॉर्डही मिळाला.

विमानाची भीती वेगळीच. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर. विमानातली हवा मात्र ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ, आणि प्राणवायू कमी झाला की या पेशी वाकायला टपलेल्याच. दिल्लीपासून ती तासातासाला पाणी पीत राहिली, उठून चालत राहिली. शेजारच्या काकांनी शेवटी विचारलं, शुगर आहे का? ती हो म्हणाली. आईचीच लेक.

तिथला पहिला क्रायसिस नोव्हेंबरात आला. बसस्टॉपवर वीस मिनिटं भिजली, रात्री मांड्यांत कळा. कशीबशी इमर्जन्सीत पोहोचली तर समोरच्या मुलीने नाव वाचलं, चेहरा पाहिला आणि विचारलं, सिकलसेल? नक्की? तिथे हा आजार आफ्रिकन आणि कॅरिबियन घरांचा समजला जातो. भारतीय बाईला तो असतो हे त्या मुलीने ऐकलं नव्हतं. आल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक द्यावं, असं तिथल्या मार्गदर्शक सूचना २०१२पासून सांगतात. तिची ३० मिनिटं नकाशात छत्तीसगड दाखवण्यात गेली. रायपुरात जे लपवायचं, तेच इथे पटवून द्यायचं. दोन्हींत दम सारखाच लागतो.

पुढे रक्तविकाराच्या क्लिनिकमध्ये जमैकन वंशाची एक प्रौढ बाई भेटली. तिने वॉल्टर क्लेमेंट नोएलची गोष्ट सांगितली. ग्रेनाडा बेटावरचा हा तरुण १९०४मध्ये दंतवैद्यक शिकायला बोटीने निघाला आणि शिकागोला पोहोचला. डिसेंबरातच दवाखान्यात भरती. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्तात लांबुडक्या, वाकड्या पेशी पाहिल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१०मध्ये त्यांचं वर्णन छापलं. वैद्यकातली ही या आजाराची पहिली नोंद, आणि ती झाली घर सोडून परदेशी गेलेल्या एका मुलाच्या रक्तावरून! नोएल शिकला, परतला, ग्रेनाडात दात काढत राहिला आणि १९१६मध्ये वारला. वय अवघं ३२. हेरिकच्या लेखात त्याचं नाव नाही. तोही केसपेपरवरचा ‘तो’.

पैशांचंही सांगायला हवं. रायपूरला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या तिला सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायच्या. इंग्लंडात उपचार मोफत, पण औषधाच्या चिठ्ठीवर २०२४पासून दर औषधामागे ९.९० पौंड. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला हे माफ, सिकलसेलवाल्याला नाही. माफीची यादी १९६८ची. नंतर कर्करोग तिच्यात आला, सिकलसेल बाहेरच राहिला. विमानातल्या काकांना मारलेली थाप खरी असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. आता ती वर्षाचे ११४.५० पौंड एकरकमी भरते. त्यात हायड्रॉक्सियुरिया आलं, फॉलिक ॲसिड आलं आणि पेनिसिलिनही, कारण प्लीहा कधीच निकामी झालीय.

गेल्या डिसेंबरात ती चुलतबहिणीच्या लग्नाला रायपूरला आली. निघताना क्लिनिकने मलेरियाच्या गोळ्याही दिल्या. यातली गंमत अशी की सिकलचा एकच जीन असलेल्या वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणूनच हा जीन मलेरियाच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोन्ही जीन असलेल्याला मात्र मलेरिया जिवावर बेतू शकतो.

हळदीच्या दिवशी मावशीने पर्समधली पाकिटं पाहिली. ‘काय गं, कसल्या गोळ्या एवढ्या?’

वरचं पाकीट मलेरियाचं होतं. आईने ते उचललं, मावशीसमोर धरलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आवाज न उतरवता, खरं ते सांगितलं. बाकीची पाकिटं तोवर तिने पदराखाली घेतली होती.