माळ्यावरचे बूट

मी मराठीचा प्राध्यापक. खेळाशी माझा संबंध विचाराल तर इतकाच की, कॉलेजच्या क्रीडामहोत्सवात लिंबू-चमच्याच्या शर्यतीचा पंच म्हणून मला दोनदा नेमले होते आणि दोन्ही वेळा निकालाबद्दल तक्रार झाली. तरीसुद्धा आज मी खेळावर लिहायला बसलो आहे. त्याला कारण घडले ते 2024 सालच्या भाऊबिजेला.

त्या दिवशी रविवार होता. बहीण आणि मेहुणे वर्ध्याला आले होते. शेजारचे वकीलसाहेब आणि बँकेतून निवृत्त झालेले काका फराळाला बसले होते. समोर टीव्हीवर मुंबईचा कसोटी सामना चालू होता. न्यूझीलंडने बंगलोर जिंकले होते, पुणे जिंकले होते. निदान मुंबईला तरी अब्रू राहील, अशी आशा. जिंकायला 147 धावा हव्या होत्या. आमची ताटे रिकामी व्हायच्या आत आपला डाव 121 वर आटोपला. तीन सामन्यांच्या मालिकेत घरच्या मैदानावर तिन्ही सामने हरण्याची पाळी भारतावर पूर्वी कधी आली नव्हती. काकांच्या हातातली चकली हातातच राहिली.

“न्यूझीलंडची वस्ती ती किती!” मेहुणे म्हणाले.

वस्ती पन्नास-बावन्न लाखांची. 2011 च्या जनगणनेतला नागपूर जिल्हा घ्या आणि त्यात अर्धा वर्धा जिल्हा मिळवा, की झाले न्यूझीलंड! एवढ्याशा देशाने एकशेचाळीस कोटींना घरात येऊन हरवावे, ह्याचा अर्थ काय? मग चर्चा सुरू झाली. आपल्याकडे चर्चेला ज्ञान लागत नाही, फराळ पुरतो.

“अरे बाप्पा, ते लोक मांस खाऊन राह्यले,” काका म्हणाले. “वरणभातावर जोर कुठून येणार?” वकीलसाहेबांनी रक्ताचा मुद्दा काढला. काही वंशच मुळात दणकट. मेहुण्यांनी हवेला दोष दिला, वर्ध्याच्या मे महिन्यात धावणे म्हणजे आत्महत्या. आणि मी, विद्वान म्हणून, शेवटी बोललो. आमच्या पेशाची ती खोडच आहे.

मी म्हणालो, “काका, लांब पल्ल्याच्या शर्यतीत केनियाच्या डोंगराळ भागातली माणसे जगाला मागे टाकतात. त्यांचे रोजचे जेवण काय, तर मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, पालेभाजी आणि दूध. आपल्या ज्वारीच्या भाकरीचे ते सख्खे भावंड. आणि वकीलसाहेब, रक्ताचे म्हणाल तर वेस्ट इंडीजकडे पाहा. 1975 आणि 1979 चे विश्वचषक त्यांनी जिंकले. 2023 च्या विश्वचषकात त्यांना प्रवेशसुद्धा मिळाला नाही. एवढ्या वर्षांत रक्त बदलले काय? आपलीच हॉकी घ्या. 1928 ते 1956 लागोपाठ सहा सुवर्णपदके. 1976 ला माँट्रियलला कृत्रिम हिरवळ आली आणि आपण सातवे आलो. रक्त तेच होते, पायाखालची जमीन बदलली होती. आपल्या पोरांना सरावाला तशी जमीन कुठे होती?”

सभा शांत झाली. मला चेव आला. वर्गात अशी शांतता मिळत नाही.

मग मी बार्बाडोसची गोष्ट सांगितली. हे एक बेट. क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर, वस्ती तीन लाखांच्या आत. आपला वर्धा जिल्हा 6300 चौरस किलोमीटरचा, वस्ती तेरा लाखांची. त्या बेटावर, एकाच ब्रिजटाउन गावात, 1924 ते 1926 च्या दरम्यान दीड वर्षाच्या अंतरात तीन मुले जन्मली. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट. पुढे त्याच बेटाने सोबर्स दिला, मार्शल दिला, गार्नर दिला. काय होते त्या बेटावर? मैदाने होती, शाळाशाळांतून क्रिकेट होते, दर आठवड्याला सामना होता आणि सामना पाहायला अख्खे गाव होते. मुंबईचेही तेच. उघडी मैदाने, शाळांची हॅरिस शील्ड आणि 1948 पासून भर पावसात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग. मुंबईने रणजी करंडक 42 वेळा जिंकला, तो चौपाटीच्या हवेवर नव्हे.

पण नुसते मैदान असून भागत नाही. ते सर्वांना मोकळे लागते. एव्हर्टन वीक्सचे घर केन्सिंग्टन मैदानाजवळ. शेजारचा पिकविक क्लब फक्त गोऱ्यांचा. तेव्हा हा मुलगा मैदान राखणाऱ्या माणसांच्या हाताखाली काम करी आणि त्या बदल्यात फुकट सामने पाही. वॉरेलसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूकडे अख्ख्या मालिकेचे कर्णधारपद यायला 1960 साल उजाडावे लागले.

ही गोष्ट ऐकून आपण हळहळतो. पण आपल्या पुण्यात ती त्याच्याही आधी घडून गेली होती. पळवणकर बाळू चांभार समाजातले. साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायची, पगार महिना चार रुपये. तिथे साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता हा माणूस असा तयार झाला की, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाला तो हवा होता. मैदानावर त्याचा चेंडू चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल 1923 साली कर्णधार झाला, तोही बऱ्याच रागालोभानंतर. किती बाळू नुसता रूळ फिरवूनच घरी गेले असतील, ह्याची नोंद कोणत्या धावफलकावर आहे?

आणि आमच्या वर्ध्याचा क्रिकेटशी संबंध नाही असे समजू नका. 1940 च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना भेटायला वर्ध्याला आली होती. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेले, असे पाच संघ. गांधीजींना क्रिकेटचे फारसे कळत नव्हते, पण मुद्दा बरोबर कळला. कॉलेजाकॉलेजांचे सामने मी समजू शकतो, धर्माधर्मांचे सामने कशासाठी, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पुढे पाच-सहा वर्षांत ते सामने बंद पडले. मैदानावर कोणी कोणाशी कसे उभे राहावे, हा प्रश्न वर्ध्यात विचारला गेला, ह्याचा मला अभिमान आहे.

विदर्भात गुण नव्हते असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके केली. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. पण 1923 साली होळकर महाराजांनी बोलावले आणि ते इंदूरला गेले. गुणाला जिथे आश्रय तिथे गुण जातो. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजीत खेळतो आहे. साठ वर्षे आम्ही हरलो. मग अकादमी निघाली, सराव वाढला, चंद्रकांत पंडितांसारखा कडक गुरू मिळाला आणि 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भाने रणजी करंडक जिंकला. कुठे? इंदूरला! 2019 साली पुन्हा जिंकला. उमेश यादवचे वडील खापरखेड्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला होते. विसाव्या वर्षाच्या आसपास त्याच्या हातात प्रथम सीझन बॉल आला आणि 2011 साली तो कसोटी खेळला. मग विचारावेसे वाटते, ज्यांच्या हातात तो कधीच आला नाही त्यांचे काय?

असा एक मला माहीत आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी आम्ही सायकलच्या ट्यूबच्या चकत्या चिंध्यांवर चढवून चेंडू करायचो. एक मुलगा तो असा टाकी की आम्ही बॅट सोडून पळायचो. सातवीनंतर तो जिनिंगात कामाला लागला. परवा परवा भेटला तेव्हा त्याचा उजवा खांदा उचलत नव्हता. गठाणी वाहून. “सर, आता चेंडू काय, घास उचलत नाही,” म्हणाला आणि हसला.

इतके सारे मी त्या भाऊबिजेला सांगितले. वकीलसाहेबांनी मान डोलावली. शेवटी मी समारोपही केला, “थोडक्यात काय, मैदान पाहिजे, शिकवणारा पाहिजे आणि पोराला ‘जा, खेळ’ म्हणणारा समाज पाहिजे.”

माझी मुलगी चिवड्याचा डबा घेऊन दारात उभी होती. तेव्हा ती दहावीत होती. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, न्यूझीलंडमध्ये दहावीला मैदान बंद करतात का हो?”

कोणी काही बोलले नाही. काकांनी चिवडा मागितला.

ते असे झाले होते. मुलगी पंधराशे मीटर धावायची. आठवीत शाळेत पहिली, नववीत जिल्ह्यात दुसरी आली होती. तिचे क्रीडाशिक्षक मला दोनदा घरी येऊन भेटले. पोरीचा दम चांगला आहे सर, हे वर्ष मोडू नका, असे म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि नाही सांगितले. जून महिन्यात मीच तिचे खिळ्यांचे बूट कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. “एक वर्षाचा तर प्रश्न आहे,” असे म्हणालो. ती रडली नाही. रडली असती तर कदाचित माझे मन बदलले असते, अशी समजूत मी पुष्कळ दिवस करून घेतली.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर 7000 रुपयांना गहाण टाकले. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या वर्गाला डोळ्यांत पाणी आणून सांगतो. एका मास्तराने दुसऱ्याच्या मुलासाठी घर गहाण टाकले. दुसऱ्या मास्तराला स्वतःच्या मुलीचे बूट जमिनीवर ठेवण्याचे धैर्य झाले नाही.

आणि 2023 साली बर्लिनला काय झाले? तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेत एकाच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते ठरले. दोघेही साताऱ्याच्या एका लहानशा अकादमीत प्रवीण सावंतांच्या हाताखाली शिकलेले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या घरीही दहावी आली असेलच की!

त्या रात्रीच मी बूट खाली काढायला हवे होते. काढले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. परीक्षा चार महिन्यांवर आली होती. मुलीला मार्क चांगले मिळाले, पेढे वाटले. मग जूनमध्ये मोठ्या समारंभाने मी बूट काढले, धूळ झटकली, तिच्यापुढे ठेवले. तिने पाय घालून पाहिला. बूट लहान झाले होते.

नवे घेतले. ती पुन्हा धावायला लागली. पण पूर्वी तिच्या मागे धावणाऱ्या मुली आता तिच्या पुढे धावतात. ती त्याबद्दल बोलत नाही. सकाळी साडेपाचला उठते, जाते, येते. बारावीचे नाव मी घरात काढलेले नाही. बायकोने एकदा काढले, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो, तो वाचतच राहिलो.

दिवाळी आली की गावातल्या मैदानावर फटाक्यांची दुकाने लागतात. गेली कित्येक वर्षे मीही तिथूनच फुलबाज्या आणतो. दुकाने उठली की बांबूंचे खड्डे तसेच राहतात आणि महिनाभर मुले त्यांतून वाट काढत धावतात. मला ते खड्डे कधी दिसले नव्हते. मागच्या वर्षी मी आणि काकांनी मिळून अर्ज दिला, दुकाने दुसरीकडे हलवावीत म्हणून. पोच मिळाली, उत्तर आले नाही. तेव्हा दिवाळीनंतरच्या रविवारी पहाटे मी मुलीबरोबर मैदानावर गेलो. क्रीडाशिक्षक होते, पंधरा-वीस पोरे होती. कोणीतरी मुरूम आणून टाकला होता. मी घमेले उचलले. चौथ्या खेपेला कंबर धरली.

“सर, तुम्ही राहू द्या,” एक पोट्टा म्हणाला.

“काऊन?” मी म्हणालो आणि पाचवे घमेले भरून घेतले. यंदाही जायचे आहे. काकांनी स्वतःचे फावडे काढून ठेवले आहे.